उबदार पांघरूण घरी शिवताना: फुगा टिकवायचा, काठ चपटा ठेवायचा

सुईदोरा (धागाकर्ता)

गोधडी उत्तम शिवणाऱ्यांचं फायबर भरलेलं पांघरूण बिघडतं, याचं कारण दोन्हींचं शास्त्र उलटं आहे. गोधडीत जुन्या सुती लुगड्यांचे थर एकमेकांना जितके घट्ट बसतील तितकं बरं, म्हणून बोट-बोट अंतरावर धावदोरा घालतात. फायबरच्या पांघरुणात ऊब देते ती तंतूंत अडकलेली हवा. जिथे टीप मारली तिथली हवा गेली, आणि त्या रेघेवर फक्त दोन कापडं उरली. म्हणून मधल्या भागात टीप कमीत कमी हवी, आणि काठावर मात्र जाडी शिवणीच्या आधीच काढून टाकायला हवी. बाकी सगळं या दोन गोष्टींतून निघतं.

इथे सह्याद्रीतल्या हिवाळी मुक्कामाला पुरेल असं, पाठीवर नेता येईल असं एकट्याचं पांघरूण धरलं आहे. खाली मॅट घ्यायचीच आहे. अंगाखाली दबलेलं भरण ऊब देत नाही, म्हणून पाठीकडची बाजू शिवतच नाही.

माप (साधारण साडेपाच फूट उंचीसाठी): लांबी ८० इंच. खांद्यापासून कमरेपर्यंत, म्हणजे वरचे ४० इंच, रुंदी ५४. तिथून खाली दोन्ही बाजूंनी सात-सात इंच कमी करत पायाशी ४०. क्षेत्रफळ साधारण २.६ चौरस मीटर.

कापड: कोटिंग नसलेलं नायलॉन किंवा पॉलिस्टर टफेटा, ४५ ते ५० जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), पन्हा ५८ इंच. चारी बाजूंनी एक इंच मार्जिन धरलं तर ५६ इंच लागतात, म्हणजे मध्ये जोड येत नाही. एका थराला ८२ इंच, असे दोन थर आणि गोटाच्या, म्हणजे काठाला गुंडाळून शिवायच्या, पट्ट्या मिळून पावणेपाच मीटर आणा.

भरण: पॉलिस्टर वॅडिंग, १०० जीएसएमचे दोन थर. २०० चा एकच थर का नाही, ते पुढे येईल.

वजनाचा हिशेब: भरण २.६ × २०० = ५२० ग्रॅम, कापड २.६ × १०० = २६० ग्रॅम, गोट-नाडी-पट्ट्या धरून सव्वाआठशेच्या आसपास.

दोरा: पॉलिस्टर, १२० टिकिट (दोऱ्याच्या जाडीचा नंबर). सुती दोरा नको. तो ओल धरून ठेवतो आणि कुजतो. सुई ९ किंवा ११ नंबर, कोरी. १४ नंबरची सुई टफेट्याला मोठी भोकं पाडते आणि ती बुजत नाहीत. टाका ३ मिलिमीटरचा, म्हणजे इंचाला आठ-नऊ. बारीक टाक्यांनी पातळ कापडाला कुपनासारखी फाडरेघ तयार होते.

आता कृती.

भरण दुकानात गुंडाळून दाबलेलं असतं. आदल्या रात्री सतरंजीवर पसरून ठेवा. फुगल्यावर ते आखडतं, त्यामुळे गुंडाळीतून काढल्या काढल्या कापलं तर शिवताना दोन्ही टोकांना इंचभर कमी पडतं.

वरच्या कापडाच्या उलट बाजूवर भरणाचा एक थर ठेवा. भरण कापडापेक्षा सगळीकडून इंचभर जास्त असू द्या. मधून बाहेर हात फिरवत सपाट करा, ओढू नका. नायलॉनला टाचणीचं भोक कायम राहतं, म्हणून टाचण्या फक्त मार्जिनमध्ये. मध्ये लांब कच्चे टाके, फूटभर अंतराने.

या जोडीवर १० इंच अंतराने आडव्या टिपा मारा. अस्तराची अशीच दुसरी जोडी करा, पण तिच्या टिपा पाच इंच सरकवून. म्हणजे पहिलीच्या टिपा डोक्याकडून १०, २०, ३० वर येत असतील तर दुसरीच्या ५, १५, २५ वर. दोन्ही जोड्या भरण आत ठेवून एकत्र आल्या की एका जोडीच्या टिपेवर दुसरीचं फुगलेलं भरण बसतं आणि आरपार थंड रेघ कुठेच राहत नाही. दोन थर घ्यायचे ते यासाठी. २०० जीएसएमच्या एका थराला आरपार टिपा मारल्या तर तेवढ्याच वजनात ऊब कमी मिळते.

टिपा मधल्या रेघेपासून सुरू करून एकदा डोक्याकडे, मग पायाकडे. घरगुती मशीनच्या हाताखाली जेमतेम सहा-सात इंच जागा असते, तिथे गुंडाळी पूर्ण पांघरुणाची नव्हे, अर्ध्याचीच यावी.

मशीनवर भरण खाली येत असेल तर तंतू दात्यांत अडकतात. खाली बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा, नंतर टिपेवरून फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई फिक्या कापडावर उतरते.

काठाचं स्वतंत्र लिहितो, ते मोठं आहे.

रानवाट

फार उपयोगी. दोन शंका. बाजारात 'पॅराशूट कापड' म्हणून जे मिळतं ते चालेल का? आणि जीएसएम दुकानदार सांगेल तेच धरायचं का?

पन्हा५८

रानवाट, पॅराशूट कापड या नावाखाली चार वेगळी कापडं विकली जातात. रेनकोटचं, छत्रीचं, बॅगेच्या अस्तराचं आणि जॅकेटच्या अस्तराचं. आपल्याला शेवटचं हवं.

दुकानातच परीक्षा करा. कापड ओठांवर घट्ट धरून फुंका. वारा जराही पलीकडे जात नसेल तर मागे कोटिंग आहे. असलं कापड पांघरुणाला अजिबात नको. रात्रभर अंगातून वाफ निघते, ती कोटिंगला अडून आतल्या बाजूला पाणी होते, आणि पहाटे भरण ओलसर. ओलं भरण चपटं पडतं, मग ऊब कुठून येणार? बाहेरून दव पडलं तरी आतली वाफ जायला वाट हवी. कोटिंगवालं कापड चुरगळल्यावर कडकड वाजतं, तीही खूण आहे. उलट वारा सहज आरपार गेला तर वीण फार विरळ, त्यातून भरणाचे तंतू बाहेर डोकावतील. थोडा जोर लावून फुंकल्यावर जेमतेम वारा जाईल ते घ्या.

रिपस्टॉप मिळालं तर उत्तम. त्यात ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट असते आणि फाटलं तर फाट चौकटीशी थांबते. शिवाय ती चौकट कापताना फूटपट्टीचं काम करते.

जीएसएम दुकानदाराच्या तोंडचं धरू नका. ५० × ५० सेंटिमीटरचा तुकडा घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, चारने गुणा. १०० जीएसएमचा तुकडा २५ ग्रॅम भरला पाहिजे. १० × १० चा तुकडा तोलू नका. तो एक ग्रॅमचा होतो आणि घरचा काटा तेवढं बारीक दाखवत नाही.

भरणही तळव्याने दाबून बघा. हात काढल्यावर लगेच वर आलं पाहिजे. नमद्यासारखं घट्ट, सुयांनी ठोकलेलं वॅडिंग बॅगांसाठी असतं. त्याचं जीएसएम बरोबर असूनही ते फुगत नाही. दोन्हींचं वजन सारखंच असतं, म्हणून ग्राहक फसतो. चिमटीने वरचे तंतू ओढून पाहा. पुंजका सहज सुटून आला तर बांधणी कच्ची आहे, अशा भरणाला १० नव्हे, ६ इंचांवर टिपा लागतील.

सुईदोरा

पन्हा५८, फुंकण्याची परीक्षा मूळ धाग्यात यायला हवी होती. आभार.

आता काठ. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे धरून पुढची मापं.

काठ जाडजूड आणि वेडावाकडा होतो त्याचं एकच मोठं कारण: दोन कापडं, दोन भरणं आणि गोटाचे चार पदर असं सगळं एकाच वेळी मशीनच्या पायाखाली ढकलायचं. पाय वरच्या थराला मागे रेटतो, दाते खालच्याला पुढे ओढतात, आणि शेवटी कोपऱ्यात इंचभर कापड उरतं.

म्हणून प्रत्येक जोडीच्या काठावर आधी एकेक टीप घ्या, कापडाच्या कडेपासून दोन सूत आत, टाका ४ मिलिमीटरचा. मग टिपेच्या बाहेरचं भरण कातरीने टिपेलगत छाटा. कातर भरणाच्या बाजूने, आडवी धरा, म्हणजे खालचं कापड कापलं जाणार नाही. क्रम महत्त्वाचा आहे: भरण आधी टिपेत पकडायचं, मगच छाटायचं. आधीच लहान कापून आत ठेवलेलं भरण दोन धुण्यांत काठापासून सरकतं आणि कडेने चार बोटं नुसतं कापड लोंबतं.

आता दोन्ही जोड्या भरण आत ठेवून एकमेकींवर ठेवा, मध्यबिंदू जुळवा, क्लिपा लावा. मध्यबिंदू चारी बाजूंचे आधीच खडूने खुणावून ठेवलेले असले पाहिजेत. क्लिपा मध्यापासून कोपऱ्यांकडे लावत जा. उरलेला फरक कोपऱ्यात न साठवता चार-चार इंचांत वाटून टाका.

गोटाची पट्टी. दुहेरी गोट तयार तीन सूत दिसायला हवा असेल तर पट्टीची रुंदी तीन सुताच्या सहापट, म्हणजे सव्वादोन इंच, अधिक जाडी वळसा घालण्यासाठी दोन सूत. एकूण अडीच इंच. हे दोन सूत जे विसरतात त्यांचा गोट दुसऱ्या बाजूला टिपेपर्यंत पोचतच नाही.

घेर: वर ५४, खाली ४०, दोन्ही बाजू मिळून साधारण १६१. एकूण २५५ इंच. सुरुवात-शेवटाच्या जोडासाठी आणखी १०. ५८ पन्ह्यातून आडव्या पाच पट्ट्या पुरतात, सहावी जवळ असावी.

इथे सगळ्या कडा सरळ आहेत, त्यामुळे उरेब, म्हणजे धाग्याला तिरकी कापलेल्या, पट्टीची गरज नाही. उरेब पट्टी गोल काठाला वळते म्हणून घ्यायची. सरळ काठाला ती ताणली जाते आणि पिळा पडतो. पट्ट्या मात्र एकमेकींना तिरक्या, ४५ अंशांत जोडा. सरळ जोडल्या तर जोडाची सगळी जाडी एकाच जागी येते, आणि घडी घातल्यावर तिथे गाठ उठते.

जोडलेली पट्टी लांबीत मधोमध दुमडून नखाने घडी पाडा. नायलॉनला इस्त्री लावायची तर सगळ्यात कमी आचेवर आणि वर सुती कापड ठेवूनच.

पट्टी आधी अस्तराच्या बाजूला, उघड्या कडा पांघरुणाच्या कडेला जुळवून, तीन सूत अंतरावर शिवा. मग घडीची बाजू वरच्या कापडावर आणून पहिली टीप जेमतेम झाकली जाईल अशी बसवा आणि घडीच्या अगदी लगत वरून टीप मारा. जी टीप डोळ्यांसमोर असते ती सरळ येते, म्हणून शेवटची टीप दर्शनी बाजूने.

कोपरा: टीप कोपऱ्याच्या तीन सूत अलीकडे थांबवा. सुई कापडात ठेवून वळा, तिरकी टीप थेट कोपऱ्याच्या टोकाकडे काढून संपवा. पट्टी वर दुमडा, ४५ अंशांची घडी पडेल. मग ती सरळ खाली, वरची घडी पांघरुणाच्या कडेशी तंतोतंत जुळवून आणा आणि पुढची टीप अगदी कडेपासून सुरू करा. उलटवल्यावर कोपरा आपोआप पाकिटासारखा बसतो. टीप तीन सुतांऐवजी एकच सूत आधी थांबली तर घडी अडकते आणि कोपरा बोथट होतो. फार आधी थांबली तर छिद्र राहतं.

सुरुवात कोपऱ्यापासून करू नका. पायाकडच्या बाजूच्या मधून सुरू करा, पट्टीचं आठ इंच टोक मोकळं सोडून. शेवटी दोन्ही टोकं एकमेकांवर पट्टीच्या रुंदीइतकी, म्हणजे अडीच इंच, चढवून कापा, उघडून तिरकी जोडा, पुन्हा दुमडून उरलेली शिवण पुरी करा.

उलटीसुलटी

गोट सुंदर दिसतो हे खरं, पण पहिलंच पांघरूण शिवणाऱ्याला मी पिशवी पद्धतच सुचवीन. दोन्ही जोड्या सुलट बाजू आत ठेवून तीन सुतांवर चारी बाजूंनी टीप, पायाकडे १४ इंच मोकळे. कोपऱ्यांची टोकं टिपेपासून एक सूत सोडून तिरकी छाटायची. मग उलटवून कोपरे आतून गोल टोकाच्या काडीने बाहेर काढायचे. कातरीचं टोक वापरलं तर टफेटा फाटतोच. मग काठापासून चार सुतांवर सगळीकडून दाबटीप, त्यात मोकळी बाजूही बंद होते. पट्टी नाही, कोपऱ्याची घडी नाही, अर्धा मीटर कापड वाचतं.

सुईदोरा

पद्धत बरोबर आहे, पण दोन गोष्टी सोडू नका. आतल्या मार्जिनचे धागे सुटत राहतात, टफेट्याचे तर जास्तच. त्यामुळे कापतानाच कडा वितळवून घ्यायला हव्यात, नाहीतर वर्षभरात तीन सुतांचं मार्जिन एक सुतावर येतं आणि शिवण उसवते. आणि मोकळ्या १४ इंचांतही भरण मार्जिनला टिपेत पकडलेलं असायला हवं. नेमकी तीच जागा बहुतेकांची नंतर लाटेसारखी दिसते, कारण तिथे दाबटीप सैल भरणावर पडते.

काठ घासला जाणार असेल, म्हणजे पांघरूण खडकावर, गवतावर नेहमी अंथरलं जाणार असेल, तर माझं मत गोटालाच. झिजला तर गोट बदलता येतो. पिशवीचा काठ झिजला तर मूळ कापडच जातं.

उलटीसुलटी

झिजण्याचा मुद्दा मान्य. कडा वितळवण्याबद्दल: २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, खाली काच किंवा फरशी, आणि लोखंडी पट्टी. प्लॅस्टिकची फूटपट्टी वितळते. हात एकाच वेगाने फिरवायचा. थांबलात तर गाठ येते, ती पुढे कातडीला टोचते. खिडक्या उघड्या ठेवा, धूर छातीत जाऊ देऊ नका. मेणबत्तीवर कडा फिरवण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

बर्फाळगाव

अमेरिका-युरोपात राहणाऱ्यांसाठी: इकडे सलग तंतूंचं भरण मिळतं, क्लायमाशील्ड एपेक्स हे त्यातलं सगळ्यात वापरलं जाणारं. त्याचे तंतू तुकड्या-तुकड्यांचे नसून अखंड असतात, त्यामुळे मध्ये एकही टीप लागत नाही. फक्त काठाला पकडायचं. चौरस यार्डाला २.५, ३.६, ५ आणि ६ औंस अशा वजनांत येतं, म्हणजे साधारण ८५, १२२, १७० आणि २०३ जीएसएम. घरी शिवणाऱ्यांत चालत आलेला अंदाज असा की २.५ औंस १० अंश सेल्सियसपर्यंत, ३.६ औंस ४-५ अंशांपर्यंत आणि ५ औंस शून्याच्या आसपास पुरतं. मॅट चांगली हवी आणि डोक्याला टोपी हवी, हे त्यात धरलेलंच असतं.

सुईदोरांच्या मापाला ३.६ औंसचं भरण ३१७ ग्रॅम होतं. मात्र हे भरण कातरीने कापताना दाबून धरा, नाहीतर अखंड तंतू कातरीबरोबर ओढले जातात आणि कड करवतीसारखी होते.

पिंजणघर

आडव्या टिपांना एक पर्याय कोणी मांडला नाही, म्हणून लिहितो. गादीला दाभणाने जसे टाके घालतात तसे गाठटाके. गादीतला कापूस आत सरकू नये म्हणून पिंजारी ठरावीक अंतरावर आरपार टाका घालून गाठ मारतो. पांघरुणात हेच हलक्या हाताने: ८ ते ९ इंचांच्या चौकटीत, एका आड एक ओळ अर्ध्या अंतराने सरकवून. दुहेरी दोरा, दोन मिलिमीटरचा टाका, चौकोनी गाठ, शेपटी अर्धा इंच.

फायदा असा की हवा रेघभर नाही, ठिपक्यापुरतीच दबते. पण गाठ आवळायची नाही. वरचं आणि खालचं कापड एकमेकांना टेकतील इतकी ओढली तर ठिपक्याच्या भोवती तीन-चार इंचांची खळगी पडते आणि टिपेपेक्षा जास्त नुकसान होतं. दोन कापडांत पेन्सिलीइतकी जाडी राहील अशी गाठ बसवा. टफेटा पातळ असेल तर गाठीखाली नखाएवढा कापडाचा तुकडा ठेवा, नाहीतर टाका कापड चिरत जातो.

सुईदोरा

हे फार मोलाचं. दोन जोड्यांच्या पद्धतीतही मध्ये पाच-सहा गाठटाके द्यायला हवेत, कारण दोन्ही जोड्या फक्त काठाला जोडलेल्या असतात आणि झटकताना आतल्या आत सरकतात.

कोपरा_न्_कोपरा

गोट लावला, पण काठ पापडासारखा लाटा मारतोय. आणि वरची टीप मध्ये मध्ये सुटते. उसवायचं का?

सुईदोरा

आधी कोणती लाट ते बघा. काठ पसरून लाटा येत असतील तर पांघरूण ओढलं गेलंय, पट्टी सैल बसली आहे. काठ आत आक्रसून वाटीसारखा होत असेल तर उलट, शिवताना पट्टी ताणली गेली. दोन्हीत उसवण्याला पर्याय नाही, पण पूर्ण नको, फक्त ती बाजू.

तुमची लाट कमरेपासून पायापर्यंतच्या तिरक्या कडेला असेल तर कारण बहुधा वेगळं. तिथे काप उभ्या धाग्यापासून साधारण १० अंश तिरका जातो, आणि तिरका काप ताणला की वाढतो. म्हणून मी सांगितलेली दोन सुतांची पहिली टीप कापल्याबरोबर, कापड उचलण्याआधी तिथे मारून घ्यायची असते. आता दुरुस्ती करताना त्या कडेचं माप कागदी पॅटर्नशी ताडून बघा. किती वाढलीय ते कळेल. पाव-अर्धा इंच असेल तर पहिल्या टिपेचा दोरा हलका ओढून वाढ जिरवता येते.

टाके सुटण्याचं पहिलं औषध कोरी सुई. तरी सुटत असतील तर वरचा ताण एक आकडा कमी करा, आणि काळ्या मशीनला डोक्यावर जो पायाचा दाब कमी-जास्त करणारा स्क्रू असतो तो दोन फेरे सैल सोडा. जाड काठाला दाब जास्त झाला की थर पसरतात, सुई तिरकी जाते आणि शटलला फंदा सापडत नाही. सगळं आधी उरलेल्या तुकड्यांच्या तशाच थरावर तपासा.

उत्तरकन्नड

काठाचा विषय निघालाच आहे तर: कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (आफ्रिकी वंशाच्या) बायकांची कवांडी, म्हणजे तुकडे जोडून शिवलेली गोधडी, पाहण्यासारखी असते. त्या काठापासून सुरुवात करून तुकडे लावत आत सरकत मध्यावर येतात, त्यामुळे काठ शेवटी गुंडाळायचा प्रश्नच राहत नाही. चारी कोपऱ्यांना कापडाचे दुमडलेले त्रिकोण लावतात, त्यांना फुला म्हणतात. फायबर भरलेल्या पांघरुणाला मधल्या भागाची ती दाट शिवण चालणार नाही, पण कोपऱ्यावरचा दुमडलेला त्रिकोण नक्की उचलण्यासारखा आहे. झिजतो तो आधी कोपराच.

रानवाट

पायाकडची बाजू बंद कशी करावी? आणि मॅटला बांधायच्या पट्ट्या?

पन्हा५८

दोन्ही गोष्टी गोटाच्या आधी ठरवाव्या लागतात.

पायाकडच्या काठाला नेफा ठेवा: ४२ इंचांची, दीड इंच रुंद पट्टी, दोन्ही टोकं दुमडून शिवलेली, अस्तराच्या बाजूला काठाशी जुळवून गोटात पकडलेली. आत २ मिलिमीटरची नाडी आणि कॉर्डलॉक (नाडी आवळून धरणारी कळ). खालून २० इंचांपर्यंत दोन्ही बाजू टिचबटणांनी जोडायच्या, चार-चार इंचांवर. बटणाखाली ग्रोसग्रेनच्या (आडव्या रेघांच्या, घट्ट विणीच्या) फितीचा तुकडा हवाच. नुसत्या टफेट्यावर ठोकलेलं टिचबटण दहा वेळा उघडलं की कापडासकट निघतं. नाडी आवळल्यावर मध्ये मुठीएवढं भोक राहतं, त्यात मोजे कोंबायचे. उन्हाळ्यात हेच उघडून सपाट पांघरूण होतं, म्हणून कायमचं शिवून टाकू नये असं माझं मत.

मानेकडचा नेफाही असाच, पण नाडीची टोकं काठातून बाहेर काढू नका. अस्तरावर दोन काजं करा, काठापासून दोन इंच आत. काठातून निघालेली नाडी गोटाची टीप घासून तोडते.

मॅटच्या पट्ट्यांसाठी अर्धा इंच रुंद फितीची घरं, दोन्ही बाजूंना डोक्यापासून १८, ३२ आणि ४६ इंचांवर, गोट शिवण्याआधी काठात ठेवून. टोक काठाबाहेर दोन सूत आलेलं असावं, आणि त्यावरून टीप मागेपुढे तीनदा. रात्री कूस बदलताना सगळा ओढा तिथेच येतो.

कोपरा_न्_कोपरा

मापून पाहिलं. तिरक्या कडेला उजवीकडे पाव इंच, डावीकडे अर्धा इंच वाढ आहे. दोरा ओढून जिरवल्यावर पट्टी पुन्हा लावते. धुण्याचं काय करायचं?

सुईदोरा

अर्ध्या इंचाची बाजू एका जागी ओढू नका. ४० इंचांत वाटा आणि मध्यबिंदूला क्लिप लावूनच पुढे जा.

धुणं: मोठ्या टबात कोमट पाणी, थोडा पातळ साबण, पायाने हलकं दाबायचं. पिळायचं नाही, पिळ्याने भरण टिपेपासून तुटतं. उचलताना दोन्ही हातांवर पूर्ण घ्या, एका टोकाला धरून उचललं तर ओल्या भरणाचं सगळं वजन एका काठावर येतं. दोरीवर टांगू नका, जाळीवर किंवा खाटेवर सावलीत आडवं वाळवा. इस्त्री आणि ड्रायक्लीन दोन्ही नको.

आणि ट्रेकवरून आल्यावर पिशवीत कोंबून ठेवू नका. सैल घडी घालून कपाटावर किंवा सुती उशीच्या खोळीत. पॉलिस्टरचे तंतू महिनोन्महिने दबून राहिले की परत फुगत नाहीत, मग शिवण कितीही नीट असली तरी २०० जीएसएमचं पांघरूण शंभराइतकीच ऊब देतं.

कोपरा_न्_कोपरा

पट्टी लागली, उजवी बाजू सपाट आहे. डावीकडे पायापासून सहा इंचांवर एक बारीक चुणी राहिली, ती टिचबटणाच्या फितीखाली जाईल.